अमेरिकेत मॉर्गेज लोन ऑफिसर व्हायचंय? लायसन्सपासून पहिल्या फाइलपर्यंत

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात सहा वर्षं काम केलं. आता न्यू जर्सीत राहते. नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे, माझं एच-४ ईएडी, म्हणजे जोडीदाराला मिळणारं कामाच्या परवानगीचं कार्ड, नुकतंच आलं. इथे मॉर्गेज (गृहकर्ज) लोन ऑफिसरचं लायसन्स काढायला किती वेळ आणि किती पैसे लागतात? पुण्यातला अनुभव धरतात का? ईएडी संपलं तर लायसन्सचं काय होतं? आणि लायसन्स मिळालं की कमाई लगेच सुरू होते का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे निर्णय त्याच्यावर अवलंबून आहेत. कमाई लगेच सुरू होत नाही. अभ्यास, परीक्षा आणि अर्ज धरून लायसन्सला साधारण दोन-तीन महिने पुरतात. पण त्यानंतर कुणीतरी घर घ्यायला निघालं पाहिजे, त्याने तुमच्याकडे यायला हवं, त्याची ऑफर मान्य व्हायला हवी, आणि मग अर्जापासून क्लोजिंगपर्यंत, म्हणजे सह्या होऊन व्यवहार पुरा होईपर्यंत, आणखी महिना-दीड महिना जातो. कमिशन क्लोजिंगनंतरच. म्हणून पहिलं वर्षभर तरी घरखर्चाचा भार तुमच्या कमाईवर टाकू नका. पहिल्याच वर्षी हा धंदा सोडणारी बरीच माणसं कामात कच्ची नसतात. त्यांनी हा हिशेब आधी मांडलेला नसतो, एवढंच. तुमच्यासारखी, कर्जाचे कागद हाताळलेली माणसं इथे टिकावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे आधी सांगते. आणि म्हणूनच माझा सगळा भर यावर आहे की लायसन्सइतकाच, किंबहुना जास्त, विचार पहिली नोकरी कुठे धरायची याचा करा.

आता लायसन्स कुणाला लागतं ते बघू. कायद्याच्या भाषेत, मोबदल्यासाठी जो माणूस राहत्या घराच्या कर्जाचा अर्ज घेतो किंवा कर्जाच्या अटी सुचवतो, ठरवतो, तो लोन ओरिजिनेटर, म्हणजेच आपला लोन ऑफिसर. २००८ च्या जुलैत सेफ अ‍ॅक्ट आला आणि अशा प्रत्येक माणसाची नोंद एनएमएलएस या देशव्यापी यंत्रणेत होऊ लागली. त्यातून दोन वाटा निघतात. बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या पतसंस्थेत) नोकरी केली तर तुम्ही 'रजिस्टर्ड' लोन ओरिजिनेटर असता. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, नोंदणी बँक करून घेते, राज्याची परीक्षा द्यावी लागत नाही. मॉर्गेज कंपनीत किंवा ब्रोकरकडे काम केलं तर मात्र तुम्हाला राज्याचं लायसन्स लागतं. तुम्ही ज्याबद्दल विचारताय ते हे.

तुमच्या बाबतीत बँकेची वाट आधी चाचपून बघा असं मी सांगेन. तिथे बहुधा मूळ पगार असतो, प्रशिक्षण असतं. पुढे कधी मॉर्गेज कंपनीत जायचं ठरलंच, तर त्याआधी सलग वर्षभर नोंदणी असलेल्या माणसाला लायसन्सचा अर्ज प्रलंबित असतानाही १२० दिवसांपर्यंत काम करता येतं. ही तात्पुरत्या परवानगीची सोय २०१९ च्या नोव्हेंबरपासून आहे. बँकेत कमिशनचा दर कमी असतो आणि कर्जाचे प्रकारही मोजकेच असतात. तरीही नवीन देशात, नवीन धंद्यात पहिलं वर्ष पगारावर काढायला मिळालं तर ती संधी सोडू नये.

तिसरी एक वाट कुणी सांगत नाही, ती म्हणजे लोन प्रोसेसर किंवा लोन ऑफिसरचा सहायक. कंपनीच्या पगारावर, लायसन्स असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली कागद गोळा करणं, तपासणं, अंडररायटरच्या, म्हणजे कर्ज तपासून मंजूर करणाऱ्याच्या, अटी पूर्ण करून घेणं या कामाला लायसन्स लागत नाही. ग्राहकाला रेट सांगायचा नाही, अर्ज घ्यायचा नाही, एवढं पथ्य पाळायचं. पुण्यातले दिवस इथे सगळ्यात लवकर उपयोगी पडतील. लायसन्सच्या अर्जात मात्र त्या अनुभवाची सूट मिळत नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षा तुम्हालाही पूर्णच करायची आहे.

व्हिसाचं आताच बोलून घेऊ. एच-४ ईएडीवर तुम्हाला कुठेही नोकरी करता येते, त्यामुळे तुमचा मार्ग मोकळा आहे. एच-१बीवरच्या माणसाने अभ्यास करावा, हवं तर परीक्षाही द्यावी, पण त्याला परवानगी फक्त आपल्या प्रायोजक कंपनीत काम करायची असते. संध्याकाळी 'साइड इन्कम' म्हणून कर्जं करणं त्याला चालत नाही. हा प्रश्न आपल्या आयटीतल्या मंडळींकडून सतत येतो आणि दरवेळी उत्तर हेच असतं. तुमच्या ईएडीची मुदत संपली आणि नवं कार्ड आलं नसेल, तर त्या दिवसापासून काम थांबवावं लागतं. नूतनीकरणाचा अर्ज केला की पूर्वी मिळायची ती आपोआप मुदतवाढ २०२५ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, म्हणून जितक्या लवकर अर्ज करता येतो तितक्या लवकर करा. लायसन्स त्यामुळे रद्द होत नाही. कंपनी एनएमएलएसवरचं तुमचं प्रायोजकत्व, म्हणजे 'हा आमचा माणूस' अशी नोंद, काढते, लायसन्स 'इनअ‍ॅक्टिव्ह' होतं, आणि कार्ड आल्यावर पुन्हा सुरू करता येतं. तुमच्या सुरू असलेल्या फाइल्स त्या काळात दुसऱ्या लोन ऑफिसरकडे जातात. नोकरी धरताना ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर आधीच घालून ठेवा.

आता लायसन्सचे टप्पे. पहिलं काम म्हणजे एनएमएलएसवर स्वतःचं खातं उघडणं. तिथे मिळणारा नंबर जन्मभर तुमचा. कंपनी बदला, राज्य बदला, नंबर तोच राहतो. इथे आपल्या बायकांची एक खास अडचण होते, ती सविस्तर सांगते. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं, मधलं नाव एका कागदावर वडिलांचं तर दुसऱ्यावर नवऱ्याचं, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर कधीकधी मधलं नाव गायबच. परीक्षेच्या दिवशी तुमच्या ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, फी वाया जाते. म्हणून खातं उघडतानाच ओळखपत्र समोर ठेवून त्यावर आहे तसंच्या तसं नाव टाका. बाकीची नावं पुढे अर्जात 'इतर नावं' म्हणून लिहायची जागा असते. तिथे सगळी लिहा, माहेरचंसुद्धा.

मग २० तासांचा पूर्व-अभ्यासक्रम. त्यात ३ तास केंद्रीय कायदे, ३ तास नीतिनियम, फसवणूक आणि ग्राहक संरक्षण, २ तास अपारंपरिक (म्हणजे ३० वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जाहून वेगळी) कर्जं, उरलेले १२ तास ऐच्छिक. काही राज्यांना यात किंवा याच्या वर स्वतःच्या कायद्याचे तास हवे असतात, म्हणून फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम न्यू जर्सीसाठी मान्य आहे ना, एवढं एनएमएलएसच्या यादीत तपासा. ऑनलाइन करता येतो आणि साधारण २०० ते ४०० डॉलर पडतात. अभ्यासक्रम करून लायसन्स काढलंच नाही तर तीन वर्षांनी तो बाद होतो.

परीक्षा १२० प्रश्नांची, १९० मिनिटांची. त्यातले ११५ प्रश्न गुणांसाठी धरतात, पाच नुसते चाचणीचे असतात आणि ते कोणते हे कळत नाही. पास व्हायला ७५ टक्के लागतात. फी ११० डॉलर. केंद्रावर जाऊन देता येते, घरून कॅमेऱ्यासमोरही. नापास झालात तर ३० दिवसांनी पुन्हा, दुसऱ्यांदाही ३० दिवस, पण तिसऱ्यांदा नापास झालात तर १८० दिवस थांबावं लागतं. राज्याराज्याच्या वेगळ्या परीक्षांचा जुना प्रकार आता गेला. पेपरातच सर्व राज्यांना समान असा एक भाग असतो, त्यामुळे पुढे पेन्सिल्व्हेनिया किंवा टेक्सासचं लायसन्स काढायचं तर परीक्षा पुन्हा द्यायला लागत नाही. आणि लक्षात ठेवा, लायसन्स लागतं ते घर ज्या राज्यात आहे त्या राज्याचं. एडिसनमध्ये बसून डॅलसच्या घराचं कर्ज करायचं तर टेक्सासचं लायसन्स हवं.

अभ्यासाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पाठांतरावर भर देणारे इथे अडतात. कायद्यांची नावं, सालं आणि दिवसांचे आकडे यांची नुसती यादी पाठ केली की आठवडाभरात सगळं एकमेकांत मिसळतं. त्यापेक्षा प्रत्येक नियमाला विचारा, हा कुठल्या गैरप्रकारावरचा उपाय आहे? २००८ च्या आधी कागद न बघता उत्पन्न मान्य करायचे. हप्ता व्याजापेक्षाही कमी भरायची सोय असलेली, मुद्दल वाढत जाणारी कर्जं विकली जायची. आणि ग्राहकाला जितका चढा दर चिकटवाल तितकं ब्रोकरचं कमिशन जास्त असायचं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की नंतरचे नियम आपोआप जागेवर बसतात. कर्जदाराची फेडण्याची ऐपत कागदोपत्री तपासलीच पाहिजे हा नियम २०१४ च्या जानेवारीपासून लागू झाला तो पहिल्या प्रकारामुळे. लोन ऑफिसरचं कमिशन व्याजदराशी किंवा कर्जाच्या अटींशी बांधायचं नाही, हा २०११ पासूनचा नियम शेवटच्या प्रकारामुळे. कर्जाच्या रकमेच्या ठरावीक टक्क्याने कमिशन चालतं, ग्राहकाला महाग दर दिला म्हणून जास्त चालत नाही. एकाच कर्जात ग्राहकाकडूनही आणि कंपनीकडूनही असे दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

परीक्षेत हमखास फसवणारी एक जागा दाखवते. अर्ज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत 'लोन एस्टिमेट', म्हणजे अटी आणि खर्चाचा अंदाज, पाठवायचं असतं. आणि क्लोजिंगच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी 'क्लोजिंग डिस्क्लोजर', म्हणजे अंतिम अटी आणि खर्चाचा कागद, ग्राहकाच्या हाती पोचलं पाहिजे. दोन्हीकडे 'तीन दिवस', पण कामकाजाचा दिवस दोन्हीकडे वेगळा. पहिल्यासाठी तुमचं ऑफिस ज्या दिवशी उघडं तो दिवस मोजायचा. दुसऱ्यासाठी रविवार आणि केंद्रीय सुट्ट्या सोडून सगळे दिवस, म्हणजे शनिवारही मोजायचा. आता ऑफिस शनिवारी बंद आहे असं धरा. शुक्रवारी अर्ज आला तर सोमवार, मंगळवार, बुधवार, म्हणजे एस्टिमेट बुधवारपर्यंत. डिस्क्लोजर गुरुवारी हातात पडलं तर शुक्रवार, शनिवार, सोमवार, म्हणजे सोमवारी क्लोजिंग होऊ शकतं. शनिवार विसरलात तर मंगळवार म्हणाल आणि गुण जाईल. प्रत्यक्ष कामात याच चुकीने ट्रकवाला, जुन्या घराची लीज, मुलांची शाळा असं सगळं एक दिवस पुढे सरकतं. आणि 'अर्ज' कधी आला असं धरायचं तेही ठरलेलं आहे: नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबर, घराचा पत्ता, घराची अंदाजे किंमत आणि हवी असलेली रक्कम. या सहा गोष्टी हाती आल्या की घड्याळ सुरू. ग्राहकाने त्या फोनवर सांगितल्या असतील तरी.

पेपरात सगळ्यात जास्त, २७ टक्के वजन प्रत्यक्ष कर्ज करण्याच्या प्रक्रियेला आहे, त्याखालोखाल २४ टक्के केंद्रीय कायद्यांना. हिशेबाचे प्रश्न सोपे असतात आणि तुम्हाला तर ते सरावाचेच वाटतील. परीक्षेतले मूळ प्रश्न मिळवून देतो असं सांगणाऱ्या कुणाच्याही वाटेला जाऊ नका. प्रश्न बाहेर फोडणार नाही असं तुम्ही परीक्षेआधी लिहून दिलेलं असतं, आणि ते मोडलं तर धंदा सुरू होण्याआधीच संपतो.

परीक्षेनंतर एमयू४ नावाचा अर्ज. त्यात मागच्या दहा वर्षांचे सगळे पत्ते आणि सगळा नोकरीचा इतिहास लागतो, मध्ये कुठे खंड न ठेवता. तुम्ही ईएडी येईपर्यंत घरी होतात तो काळसुद्धा 'नोकरी नव्हती' म्हणून तारखांसह लिहायचा. पुण्यातले भाड्याच्या घरांचे पत्ते, बँकेत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आत्ताच शोधून ठेवा. पुढे गुन्हे, दिवाळखोरी, थकलेले कर, कोर्टाचे निवाडे यांबद्दल थेट प्रश्न असतात. मागच्या सात वर्षांतला गंभीर गुन्हा, किंवा कधीही झालेली फसवणूक, अप्रामाणिकपणा किंवा विश्वासघाताची शिक्षा असेल तर लायसन्स मिळत नाही. क्रेडिट रिपोर्ट बघतात, पण सेफ अ‍ॅक्टने त्यासाठी अमुक इतका स्कोअर असं ठरवलेलं नाही. हप्ते सतत थकवण्याची सवय दिसते का, हे ते बघतात. तुमचा इथला क्रेडिट इतिहास कोवळा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. काही लपवलं आणि नंतर निघालं तर मूळ गोष्टीपेक्षा ते लपवणं जास्त महागात पडतं. ठशांसह गुन्हेगारी तपासणीला ३६ डॉलरच्या आसपास, क्रेडिट रिपोर्टला १५, वर एनएमएलएसची आणि राज्याची फी. अभ्यासक्रम आणि परीक्षेसकट सगळं मिळून सहाशे ते हजार डॉलर बाजूला काढून ठेवा. बऱ्याच कंपन्या रुजू झाल्यावर यातले काही पैसे परत देतात, ते विचारायला लाजू नका.

राज्याने मंजुरी दिली तरी कंपनीने एनएमएलएसवर प्रायोजकत्व घेईपर्यंत लायसन्स 'मंजूर पण इनअ‍ॅक्टिव्ह' असतं. त्या अवस्थेत एकही अर्ज घ्यायचा नाही. म्हणूनच मी परीक्षेचा अभ्यास सुरू करतानाच मुलाखती सुरू करायला सांगते.

आता मघाशी म्हटलेली खरी निवड. नव्या माणसाला कंपन्या कमिशनच्या टक्क्याने भुलवतात. इथे तो बेसिस पॉइंटमध्ये सांगतात, १०० बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का. चार लाख डॉलरच्या कर्जावर १०० बेसिस पॉइंट म्हणजे ४,००० डॉलर, ५० म्हणजे २,०००. आकडा बघून मोह होणं साहजिक आहे. पण १०० बेसिस पॉइंट देणाऱ्या ठिकाणी तुम्हाला शिकवायला कुणी नसेल, प्रोसेसर फोन उचलत नसेल आणि वर्षात तीनच कर्जं पार पडली, तर ५० देऊन पगार आणि हाताखाली शिकायला अनुभवी माणूस देणारी जागा कितीतरी बरी. मुलाखतीत विचारा: माझ्या पहिल्या दहा फाइल्स कोण तपासणार? अंडररायटरशी मला थेट बोलता येईल का? दरमहा दिली जाणारी रक्कम पगार आहे की पुढच्या कमिशनमधून वळती होणारी उचल? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. उचल असेल आणि तुम्ही सहा महिन्यांत सोडलंत, तर ती परत मागायची अट करारात असू शकते. करार सहीआधी घरी नेऊन वाचा. मला माहीत असलेल्या एका ठिकाणी नव्या मुलींना कराराची प्रत सही झाल्यावरच मिळायची. अशा ठिकाणाहून सरळ उठून या.

धंदा व्याजदरावर हेलकावे खातो हेही मनात धरा. २०२१ च्या जानेवारीत ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्के इतका खाली होता. जुनं कर्ज फेडून स्वस्त नवं घेणाऱ्यांची रांग लागली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात तोच दर ७.७९ वर गेला आणि ती रांग संपली. रीफायनान्सवरच जगणारे त्या वेळी बाहेर पडले. घर विकत घेणाऱ्यांशी, त्यांच्या रिअल्टरशी, वकिलाशी ज्यांचा जुना संबंध होता ते टिकले. पहिल्या दिवसापासून घर घेणाऱ्यांची कामं शिका.

तुमचे पहिले ग्राहक बहुधा आपलेच लोक असतील, मराठी विश्व या इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेले, मुलांच्या मराठी शाळेतले, नवऱ्याच्या ऑफिसमधले. इथे दोन रेषा ओलांडू नका. पहिली, ग्राहक पाठवला म्हणून कुणालाही पैसे, गिफ्ट कार्ड, प्रवासखर्च काही द्यायचं नाही आणि कुणाकडून घ्यायचंही नाही. रेस्पा या घरव्यवहारांवरच्या १९७४ च्या कायद्याच्या आठव्या कलमाखाली त्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'अरे, घरातलाच माणूस आहे' हे कारण तिथे चालत नाही. मंडळाच्या स्मरणिकेत जाहिरात खुशाल द्या, योग्य दर भरून, आणि तिच्यावर तुमचा एनएमएलएस नंबर छापा. व्हिजिटिंग कार्डावर आणि वेबसाइटवरही तो लागतो. दुसरी रेष: 'आपले लोक कुठे राहतात, कुठला भाग चांगला' असा प्रश्न तुम्हाला विचारतील. कुठल्या जातीधर्माचे किंवा देशाचे लोक कुठे राहतात यावरून कुणाला घराची जागा सुचवायची नाही. १९६८ चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट त्यासाठीच आहे. आपल्या माणसांना हे समजावून सांगताना ओशाळं वाटतं, पण सांगायचं.

आणि आता एक फाइल जवळून बघू, म्हणजे काम कसं असतं ते कळेल. आकडे मी समजावण्यापुरते घेते. एच-१बीवरचा एक तरुण, वर्षाला १,२०,००० डॉलर, म्हणजे महिना १०,०००. पाच लाखांचं घर, २० टक्के म्हणजे एक लाख डाउन पेमेंट, चार लाख कर्ज. ६.५ टक्क्यांनी ३० वर्षांचा हप्ता सुमारे २,५२८ डॉलर. त्यात घराचा कर महिना ८५० आणि विमा १२० धरला की ३,४९८. गाडीचा हप्ता ४५० आणि शिक्षणकर्जाचा ३५० मिळवला की ४,२९८. उत्पन्नाच्या ४३ टक्के. टाउनहाउस असेल आणि सोसायटीचे ३०० डॉलर महिना असतील तर ४६. इथवर तुम्हाला पुण्यातलंच काम वाटेल.

आता डाउन पेमेंट. साठ हजार त्याच्या बचतीचे, उरलेले चाळीस हजार डॉलर साताऱ्याजवळचा स्वतःच्या नावावरचा प्लॉट विकून आलेले. खात्यावर एकदम चाळीस हजार आलेले दिसले की अंडररायटर थांबतो. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमाने घरखरेदीच्या कर्जात महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा मोठी एकरकमी भर असेल तर तिचा उगम दाखवावा लागतो. इथे ती मर्यादा ५,००० डॉलर. मग लागतं खरेदीखत. ते मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर. विक्रीची रक्कम त्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या) खात्यात आल्याचं स्टेटमेंट, तिथून इथल्या खात्यात आल्याची वायरची पावती. नावाचं स्पेलिंग तिन्ही कागदांवर वेगळं असेल तर त्याचं लेखी स्पष्टीकरण. एनआरओमधून पैसे बाहेर काढायला तिकडे सीएचं प्रमाणपत्र आणि कराची पूर्तता लागते, त्यात आठवडे जातात. इकडे रेट लॉक, म्हणजे ठरलेला दर टिकण्याची मुदत, बहुधा ३० किंवा ४५ दिवसांचा. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं, 'पैसे भारतातून येणार आहेत का?' हे विचारायला उशीर झाला की लॉक वाढवण्याचा खर्च अंगावर येतो आणि ग्राहकाचा विश्वास जातो.

आणि मग तो हळूच म्हणतो, 'व्यवहारातले दहा लाख रोख मिळाले, तेही यात धरता येतील का?' इथे उत्तर एकच: ज्या पैशाला कागद नाही तो पैसा या फाइलमध्ये नाही. एखाद्या मित्राच्या खात्यातून फिरवून 'भेट' म्हणून दाखवायचं कुणी सुचवलं, तर ते गृहकर्जाच्या अर्जात खोटी माहिती देणं होतं आणि तो केंद्रीय गुन्हा आहे. खरी भेट चालते, आईवडिलांनी दिलेली, गिफ्ट लेटर आणि पैसे हस्तांतराच्या पुराव्यासह. त्याला कमी रकमेचं घर बघायला सांगा, किंवा २० टक्क्यांऐवजी १५ टक्के भरून पीएमआय, म्हणजे कर्जाचा विमा, किती पडेल ते काढून दाखवा. असा पर्याय काढून दिला की माणूस निघून जात नाही.

व्हिसावरच्या ग्राहकांसाठी आणखी एक. २०२५ च्या २५ मेपासून एफएचए, म्हणजे सरकारी विम्याची, कर्जं ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना मिळत नाहीत. त्याआधी मिळायची, आणि जुनी माहिती अजून फिरत असते. फॅनी मे आणि तशीच दुसरी संस्था फ्रेडी मॅक यांच्या पारंपरिक, म्हणजे सरकारी विमा नसलेल्या, कर्जांत मात्र कायदेशीर व्हिसा आणि कामाची परवानगी असलेला माणूस बसतो. हे बदल ग्राहकाच्या आधी तुम्हाला कळले पाहिजेत. फॅनी मेचं सेलिंग गाइड इंटरनेटवर मोफत आहे. रोज एक प्रकरण वाचायची सवय लावलीत तर वर्षभरात तुम्ही तुमच्या ऑफिसातल्या बहुतेकांच्या पुढे असाल.

लायसन्स दरवर्षी नवं करावं लागतं, १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबरच्या दरम्यान. त्याआधी आठ तासांचं शिक्षण: ३ तास केंद्रीय कायदे, २ नीतिनियम, २ अपारंपरिक कर्जं, १ ऐच्छिक. सलग दोन वर्षं तोच अभ्यासक्रम चालत नाही. हे तास स्वतः करा. २०२२ च्या जानेवारीत ४२ राज्यांच्या नियामकांनी ४४१ लोन ऑफिसर्सशी तडजोड केली, कारण त्यांनी हे शिक्षण घेतल्याचा खोटा दावा केला होता. प्रत्येकाचं लायसन्स तीन महिन्यांसाठी गेलं, वर प्रत्येक राज्यामागे १,००० डॉलर दंड. आठ तासांसाठी. आणि अशी कारवाई एनएमएलएसच्या सार्वजनिक पानावर नावापुढे दिसते, कुठलाही ग्राहक ती बघू शकतो.

त्या तारखांचा तुमच्या नियोजनाशीही संबंध आहे. बहुतेक राज्यांत १ नोव्हेंबरच्या आधी मंजुरी मिळाली तर त्याच वर्षाअखेरीस नूतनीकरणाची फी पुन्हा भरावी लागते. तुम्ही उन्हाळ्याच्या शेवटी सुरुवात करत असाल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा आत्ता उरकून घ्या, मुलाखती द्या, आणि अर्ज अशा बेताने टाका की मंजुरी नोव्हेंबरात येईल. वसंतात घरांची खरेदी जोर धरते, तोवर दोन-तीन महिने दुसऱ्यांच्या फाइल्स वाचायला मिळतील. आज मात्र एवढंच करा: ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्ट शेजारी ठेवा, नाव जुळतं का बघा, आणि जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.